कॉलेज टेनिसची कन्सल्टन्सी आणि एक विमा एजंट बाई

पाचापैकी दोन तारे, आणि ते दोन्ही त्यांच्या व्हिडिओवाल्या मुलाला. टेनिसच्या जोरावर मुलांना अमेरिकेतल्या कॉलेजात पोचवून देतो म्हणणारी ही कंपनी; नाव लिहीत नाही. नावाचं काय, उद्या पाटी बदलतील, कामाची रीत तीच राहील. मला त्या रीतीबद्दलच सांगायचं आहे.

आधी माझी ओळख. रत्नागिरीत गेली १९ वर्षं मी विम्याचं काम करते. म्हणजे कमिशनवर घर चालवणारी बाई. गिऱ्हाइकासमोर तीन पॉलिस्या मांडायच्या आणि जिच्यात आपल्याला जास्त सुटतं तिच्याकडे त्याची नजर हळूच वळवायची, हे कसं करतात ते मला चांगलं ठाऊक आहे. मी कधी केलंच नाही असं म्हणणार नाही; सुरुवातीची दोन-तीन वर्षं केलंय. त्यामुळे समोरचा तेच करत असला की मला वास येतो. या खेपेला यायला उशीर झाला, कारण मामला लेकीचा होता.

लेक सातव्या वर्षापासून टेनिस खेळते. रत्नागिरीत टेनिस खेळणं म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला सांगून कळत नाही. जून ते सप्टेंबर कोर्ट बंद. गणपती गेले की कोर्टावर धरलेलं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासायचं, दोन दिवस ऊन खाऊ द्यायचं, मग नेट बांधायचं. नेटची तार खाऱ्या हवेनं गंजते, ती वर्षाआड नवी. पावसाळ्यात आमच्या शेजारच्या आंब्याच्या पॅकिंग शेडच्या भिंतीवर ती चेंडू मारायची. भिंत चिऱ्याची, गिलावा नाही, चेंडू कुठे उडेल त्याचा नेम नाही. तिचे सर म्हणायचे, "वहिनी, भिंत लिंपू नका हां. अशा भिंतीवर खेळणारीला खराब बाउन्सची भीती उरत नाही." एआयटीएची, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेची स्पर्धा खेळायची तर कोल्हापूर, सोलापूर, पुणे नाहीतर मुंबई. कितीतरी शुक्रवारी संध्याकाळी आम्ही आंबा घाट चढलोय आणि रविवारी रात्री उतरलोय. घाटात तिला उलटी व्हायची, म्हणून पुढच्या सीटवर ती आणि मागे मी, मांडीवर रॅकेटची बॅग.

ती दहावीत असताना, डिसेंबर २०२१ मध्ये, कोल्हापूरच्या एका हॉटेलात या कन्सल्टन्सीचं सेमिनार झालं. पडद्यावर पहिलाच फोटो सोमदेव देववर्मनचा. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळून २००७ आणि २००८, लागोपाठ दोन वर्षं एनसीएएचं, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचं, एकेरीचं विजेतेपद. मग ऋतुजा भोसले, टेक्सास ए अँड एमची. (पुढे २०२३ मध्ये तिनं रोहन बोपण्णाबरोबर एशियन गेम्सचं मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते.) बोलणारा माणूस असा बोलत होता, जणू या दोघांना त्यानंच विमानात बसवलं. तसं तो कुठेही म्हणाला मात्र नाही. विक्रीतली ही कला आहे, मी मनात दाद दिली.

पॅकेज १ लाख ८० हजारांचं, तीन हप्त्यांत. त्यात खेळाडूची प्रोफाइल, व्हिडिओ, २०० कोचना ईमेल, यूटीआर या टेनिस रेटिंगचं मार्गदर्शन, एसएटीचा (अमेरिकी कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा) क्लास आणि "ऑफर हातात येईपर्यंत साथ". शिवाय करारात एक ओळ: अ‍ॅथलेटिक स्कॉलरशिप मिळाल्यास पहिल्या वर्षाच्या रकमेच्या १० टक्के 'सक्सेस फी'. आमचे हे म्हणाले, "बरंय की, मिळालं तर घेतील." मलाही तेव्हा बरंच वाटलं. स्वतः कमिशन खाणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या कमिशनचा राग कसा येणार? सही केली.

पहिलं काम व्हिडिओचं, आणि ते सोन्यासारखं झालं. जानेवारीत एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा पाठीवर सॅक घेऊन जनशताब्दीनं आला. मला वाटलं होतं, लग्नासारखं गाणं-बिणं लावून करील. त्यानं आल्या आल्या सांगितलं, "काकू, गाणं नाही, स्लो मोशन नाही, नाव उडत येणार नाही. कोचला पहिल्या तीस सेकंदांत हालचाल दिसली पाहिजे." बेसलाइनच्या मागे शिडी उभी केली, वर कॅमेरा बांधला, म्हणजे पूर्ण कोर्ट आणि चेंडूची खोली दोन्ही दिसतात. सर्व्हिस दोन्ही बाजूंनी, परतीचे फटके, व्हॉली, आणि मग सरांच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याशी दोन सेट, मध्ये न कापता. लेक एक पॉइंट हरली आणि रॅकेट आपटायला गेली, तर हा शिडीवरून ओरडला, "आपट नको! मी हे काढून टाकणार नाही, कोचना हरल्यानंतरचंच बघायचं असतं." सहा मिनिटांची फिल्म आणि पूर्ण सामन्याची वेगळी लिंक. पुढे जितक्या कोचशी बोलणं झालं, त्यातल्या प्रत्येकानं ती लिंक पाहिली होती. जेवायला थांबला, सुरमई खाल्ली, दुसऱ्या दिवशी परत गेला.

यूटीआरही त्यानंच शिडीखाली बसून समजावलं, खरं तर ते त्याचं काम नव्हतं. युनिव्हर्सल टेनिस रेटिंग, १ ते १६.५०, दोन दशांशांपर्यंत. मागच्या १२ महिन्यांतले जास्तीत जास्त ३० सामने धरतात. जिंकलात की हरलात एवढंच नाही, समोरचा किती तगडा आणि तुम्ही किती गेम काढलेत, हे बघतात. अमेरिकी कोच भारतातली रँकिंग बघून गोंधळतात, पण हा आकडा त्यांना लगेच कळतो. हे कळल्यापासून लेकीची हरण्याची पद्धत बदलली. आधी १-५ झालं की खांदे पडायचे. आता ३-६ करूनच बाहेर यायची.

इथपर्यंत तारे. आता पुढे.

जानेवारीअखेर कंपनीनं २०० कोचना ईमेल पाठवले. सगळ्यांना एकच मजकूर. फेब्रुवारी गेला, मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली, उत्तरं शून्याच्या आसपास. आली ती बहुतेक छापील: आमचा हा फॉर्म भरा, आमचं उन्हाळी शिबिर आहे. लेक रोज सकाळी दात घासायच्या आधी मेल उघडायची. मी कंपनीला फोन केला तर म्हणाले, "मॅडम, सध्या मार्केट स्लो आहे, कोविडमुळे जुनी मुलं एक वर्ष जास्त थांबलीत." थांबली होती हे खरं. पण कारण ते नव्हतं. माझ्या लेकीला तीन महिने वाटत होतं की आपण कुणालाच नको आहोत.

एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या भरायच्या धामधुमीत मी एनसीएएचं विद्यार्थी-खेळाडूंसाठीचं मार्गदर्शक पुस्तक उतरवून घेतलं. फुकट मिळतं. विम्याच्या पॉलिसीपेक्षा सोपी भाषा आहे. त्यात सरळ दिलेलं: डिव्हिजन वनच्या (एनसीएएच्या तीन गटांतला सगळ्यात वरचा) टेनिस कोचला दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत खेळाडूला भरतीबद्दल फोन, मेसेज, ईमेल काही करता येत नाही. तुम्ही लिहू शकता, तो उत्तर देऊ शकत नाही. देऊ शकतो ते एवढंच: फॉर्म आणि शिबिराची माहिती. कॉलेजच्या खर्चानं भेटीला बोलवायचं तर त्यापुढच्या १ ऑगस्टपासून. म्हणजे ज्या कोचनी फॉर्म पाठवला, ते आम्हाला टाळत नव्हते. त्यांना तेवढंच करायची मुभा होती! ही एक ओळ कंपनीला माहीत नव्हती, की माहीत असून सांगितली नाही, हे मला आजही कळलेलं नाही. आणि दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, तेही ठरवता आलेलं नाही.

१५ जून २०२२, बुधवार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. बाहेर मृगाचा पाऊस, घरात लाइट नाही. माझ्या फोनवरून नेट जोडून लेक लॅपटॉपसमोर बसली होती, १८ टक्के बॅटरी. दहावीचा निकालही अजून लागायचा होता. घरातल्या बाकीच्यांना त्याची चिंता, हिला याची. ९:३४ ला पहिला मेल, मग सव्वादहापर्यंत आणखी तीन. एकानं लिहिलं होतं, तुझा बॅकहँड आवडला, पण आमच्या संघात सहाव्या नंबरवर खेळणारीचं रेटिंग तुझ्यापेक्षा दीडनं वर आहे, एका वर्षानं पुन्हा लिही. नकारच तो. पण तिनं तो मला दोनदा वाचून दाखवला. माणसानं लिहिलेला होता.

सहावा नंबर का, हे इथेच सांगते, कारण कोचचा सगळा हिशेब तिथे असतो. कॉलेजच्या संघांच्या लढतीत दुहेरीचे तीन सामने आणि एकेरीचे सहा. तुम्ही देशात कितव्या आहात याच्याशी कोचला फारसं देणंघेणं नसतं. त्याचा सवाल एवढाच, की पुढच्या वर्षी माझ्या दोन मुली पास होऊन जाणार, त्या जागी ही चौथी खेळेल का सहावी, की बाकावर बसेल? त्यामुळे २०० जणांना एकच मेल हा प्रकार मुळातच फोल. लेकीनं पुढे स्वतः ४० मेल लिहिले, प्रत्येक संघाची यादी उघडून, कोण शेवटच्या वर्षाला आहे ते बघून. त्यातल्या २२ जणांनी उत्तर दिलं.

आता कमिशनचं. अकरावीत कंपनीनं ६० कॉलेजांची यादी दिली. सगळी डिव्हिजन वन आणि टू. डिव्हिजन थ्रीचं एकही नाही. आयव्ही लीगचंही, म्हणजे हार्वर्ड-प्रिन्स्टनसारख्या नामांकित कॉलेजांच्या गटाचंही, एकही नाही. गंमत अशी, की जानेवारीच्या त्या २०० मेलना माणसासारखी दोन उत्तरं आली होती, ती दोन्ही डिव्हिजन थ्रीच्या कोचची. त्यांना १५ जूनची अट नसते, कधीही लिहू शकतात. कंपनीनं सांगितलं होतं, "इग्नोर करा, तिथे टेनिसचे पैसे नाहीत." मी विचारलं, "यादीत तो गट का नाही?" उत्तर तेच.

ते खोटं नाही. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. हार्वर्ड, प्रिन्स्टन डिव्हिजन वनमध्ये असूनही आयव्ही लीगही देत नाही. पण याच कॉलेजांपैकी कितीतरी अभ्यास बघून आणि घरची ऐपत बघून मोठी मदत देतात, काही तर परदेशी मुलांनाही. त्या मदतीवर खेळाचं नाव नसतं. आणि आमच्या करारात १० टक्के कशावर होते? 'अ‍ॅथलेटिक' स्कॉलरशिपवर. म्हणजे माझी पोर डिव्हिजन थ्रीत गेली तर कंपनीला सक्सेस फी भोपळा. त्या रात्री ताटं घासता घासता हे डोक्यात आलं आणि मी तशीच ओल्या हातानं करार काढून बसले. १९ वर्षांचा धंदा माझा, आणि मला इतके महिने लागले! गिऱ्हाइकासमोर तीन पॉलिस्या होत्या, त्यातली एक एजंटनं टेबलावर ठेवलीच नव्हती.

बरं, गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. एनसीएएच्या नियमात हेही आहे, की खेळाडूची माहिती कॉलेजांना पुरवणाऱ्या कंपनीला ठरावीक फी घेता येते, पण ती फी खेळाडूला कॉलेजात जागा मिळण्यावर किंवा स्कॉलरशिपच्या रकमेवर अवलंबून असता कामा नये. तशी असली तर तो एजंट ठरतो आणि धोका खेळाडूच्या हौशी दर्जाला. म्हणजे सही त्यांची नि माझी, आणि डाग लागणार पोरीला. मी पुण्याला कंपनीच्या ऑफिसात गेले. गाडीनं नाही, एसटीनं, म्हणजे विचार करायला वेळ मिळाला. समोरचा साहेब हसून म्हणाला, "मॅडम, हे सगळेच घेतात. कागदावर कुणी बघायला येत नाही."

"मग कागदावर ठेवता कशाला?" मी म्हटलं.

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ती ओळ त्यानं माझ्यासमोर पेननं खोडली, बाजूला सही केली, शिक्का मारला. तो करार मी अजून लोखंडी कपाटात ठेवला आहे. तुमच्याही करारात असली ओळ असेल, शब्द वेगळे असतील, 'बोनस', 'परफॉर्मन्स फी', 'कृतज्ञता निधी' असलं काही. पहिल्या पानावर नसते ती.

लहानसहान गोष्टी पटकन सांगते. एसएटी: जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएनं पात्रतेसाठी एसएटी-एसीटीची अट काढून टाकली. कंपनी मार्चमध्ये क्लासचा तिसरा हप्ता "एनसीएए कंपल्सरी" म्हणून मागत होती. काही कॉलेजं प्रवेशासाठी मागतात ती गोष्ट वेगळी, लेकीनं परीक्षा दिलीही, पण पुस्तकं आणून घरी अभ्यास करून. तिसरा हप्ता मी दिला नाही, त्यांनीही फार ताणलं नाही. बक्षिसाची रक्कम: एका स्पर्धेत तिला ४,००० रुपये मिळाले होते, तर यांचा सल्ला, "कुठेही दाखवू नका." अहो, नियम स्वच्छ होता, टेनिसपटूला कॉलेजात जाण्याआधी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत बक्षीस घेता यायचं, त्यावर फक्त खेळायला आलेला खर्च. (या मर्यादेवरूनच मार्च २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाची रीस ब्रँटमायर एनसीएएविरुद्ध कोर्टात गेली; तिनं यूएस ओपनमध्ये कमावलेले पैसे तिला सोडावे लागले होते.) चार हजार रुपये लपवून खोट्या माहितीवर सही करायची? प्रस्तावात डायबिटीस लपवणारी गिऱ्हाइकं आठवली.

आणि विषयांचं. डिव्हिजन वनसाठी नववीपासून बारावीपर्यंत १६ 'कोअर' विषय लागतात: इंग्रजीची चार वर्षं, गणिताची तीन, विज्ञानाची दोन, सामाजिक शास्त्रांची दोन, बाकीचे उरलेल्यांतून. सायन्सवाल्यांचं सामाजिक शास्त्र नववी-दहावीच्या इतिहास-भूगोलात भागतं. त्यासाठी नववीची गुणपत्रिका हवी, आणि नववीची गुणपत्रिका कोण जपतं? शाळेतल्या क्लार्कनं दोन दिवस शोधून रजिस्टरमधून नवी प्रत काढून दिली, त्यांना एक डझन हापूस दिला. कंपनीनं याबद्दल बारावीपर्यंत एक अक्षर काढलं नव्हतं.

पण सगळ्यात महाग पडला असता तो सल्ला बारावीच्या सुरुवातीला आला. "एक वर्ष ड्रॉप घ्या. आयटीएफ ज्युनिअर, म्हणजे आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा खेळा, खालच्या पातळीच्या, जे३०, जे६०. रेटिंग एकनं वाढेल, मग डिव्हिजन वनची फुल ऑफर आणतो." ऐकायला किती शहाणं वाटतं! आपल्याकडे ड्रॉप घेणं नवं नाही, नीटसाठी निम्मी गल्ली घेते. सरांनाही पटलं होतं. पण टेनिसला एनसीएए डिव्हिजन वनचा नियम इतर खेळांहून कडक होता: शाळा संपल्यावर कॉलेजात दाखल व्हायला सहा महिन्यांची सवलत. त्यानंतर स्पर्धा खेळत राहिलात तर कॉलेजात खेळायच्या चार वर्षांतलं एक वर्ष कापलं जायचं, आणि वर कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्षभर संघाबाहेर बसायचं. म्हणजे रेटिंग वाढवायला म्हणून घेतलेलं वर्ष तिची दोन वर्षं खाऊन बसलं असतं. मी ते पान सरांना वाचून दाखवलं. सर बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "वहिनी, माझ्या आधीच्या एका मुलाला मी हाच सल्ला दिला होता." त्यापुढे काही बोलले नाहीत, खराटा घेऊन कोर्टाच्या त्या टोकाला गेले.

लेक शेवटी डिव्हिजन थ्रीतच गेली. जानेवारी २०२२ च्या मेलला उत्तर दिलेल्या त्या दोघांतल्याच एका कोचकडे. ओहायोकडचं छोटं कॉलेज. कोच बाईमाणूस. पहिल्याच व्हिडिओ कॉलला, आमच्याकडे रात्रीचे दहा, मी पैशांचा विषय काढला तर त्या म्हणाल्या की त्याबद्दल मला एक शब्दही बोलता येत नाही, ते प्रवेश कार्यालय ठरवतं आणि त्यात टेनिस धरत नाहीत. मला ते ऐकून उलट बरं वाटलं. बारावीच्या जुलैमध्ये त्यांनी तिच्या गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाकडून आधीच वाचून घेतल्या, प्रवेशाची शक्यता आहे असं कळवलं, मग नोव्हेंबरमध्ये अर्ली डिसिजनचा अर्ज. त्यात एकदा हो म्हटलं की हो. दुसरीकडे हात मारता येत नाही, हे समजूनच करायचं.

मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरावा लागतो. तो मी भरला, आणि त्यात पावसकडच्या आमच्या आंब्याच्या चाळीस कलमांनी घाम काढला. "बागेचं वार्षिक उत्पन्न किती?" कुठल्या वर्षीचं? मोहोर करपला त्या वर्षीचं, की थ्रिप्सनं खाल्लं त्या वर्षीचं? शेवटी पाच वर्षांचे आकडे कागदावर मांडून, वेगळं पत्र जोडून पाठवलं. कॉलेजकडून एक साधा प्रश्न आला, झाडं किती वर्षांची आहेत. एवढाच. वर्षाच्या ७८ हजार डॉलर खर्चातले ५१ हजार कॉलेजनं उचलले. उरलेले आम्ही कसे जमवतो तो वेगळा लेख होईल, आणि तो मी लिहिणार नाही.

जून २०२५ मध्ये तिकडच्या कोर्टानं कॉलेज खेळाडूंच्या एनसीएएविरुद्धच्या दाव्यातली मोठी तडजोड मंजूर केली, त्यामुळे २०२५-२६ पासून डिव्हिजन वनचं गणित बदललंय. पूर्वी मुलींच्या संघाला ८ पूर्ण स्कॉलरशिपा आणि मुलांच्या संघाला ४.५, मुलांच्या तेवढ्या तुकड्यातुकड्यांत वाटायच्या. आता जी कॉलेजं या तडजोडीत उतरली त्यांना स्कॉलरशिपची मर्यादा नाही, त्याऐवजी संघात जास्तीत जास्त १० खेळाडू. आता सेमिनारांत सांगतील, दहाच्या दहा फुल! देऊ शकतात, देतीलच असं नाही, आणि संघ लहान झाले की सहाव्या नंबरच्या आमच्यासारख्यांची जागा आधी जाते. मुलाच्या बाबतीत विचारत असाल तर दुप्पट सावध राहा.

सेवा म्हणून विचाराल तर: व्हिडिओ कुणाकडून तरी नीट करून घ्या, त्याला पैसे मोजा. तो मुलगा आता कंपनीत नाही, मे महिन्यात आंब्याच्या बागांचे ड्रोन व्हिडिओ करतो, बाकी वेळ टेनिस. बाकीचं एनसीएएच्या पुस्तकात आहे, ते फुकट मिळतं आणि दर वर्षी नवं निघतं. जुनं वाचू नका.

लेक मेमध्ये सुट्टीला आली होती. सर म्हणाले कोल्हापूरच्या पोरींना दोन दिवस खेळव, म्हणून पुन्हा तोच घाट, यंदा गाडी तिनं चालवली. कोर्टाच्या फाटकाशी फ्लेक्स लागलेला. त्या कंपनीचा. मधोमध आमची लेक, बॅकहँड मारताना, शिडीवरून काढलेल्या त्या व्हिडिओतलं चित्र. वर लिहिलेलं: '१००% टेनिस स्कॉलरशिप'. खाली: 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंटवर सही होईपर्यंत साथ'. खेळाडूनं कॉलेजशी बांधून घ्यायचं ते लेटर ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झालंय.

मी तिथूनच फोन लावला. "तिला टेनिसची स्कॉलरशिप एक रुपयाचीही नाही. डिव्हिजन थ्रीत नसतेच."

"मॅडम, लोकांना तेवढा फरक कळत नाही," तो म्हणाला. "फ्लेक्स आठवड्यात उतरेल."

लेक फ्लेक्सजवळ जाऊन उभी होती, मान तिरकी करून बघत.

"आई," ती म्हणाली, "तेव्हा माझी ग्रिप किती चुकीची होती गं."